डावा कान, दोन काप

मेंढी आणि मेंदी यांत फरक काय, असं बारामतीत कुणाला विचारलं असतं तर त्यानं विचारणाराचंच तोंड नीट निरखून बघितलं असतं. पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला बसलं की दोन्ही एकाच दावणीला येतात. हे द्वारकाबाईंना साठीला टेकल्यावर कळलं, आणि तेही सातासमुद्रापलीकडच्या बायकांनी कळवलं म्हणून.

साल एकोणीसशे नव्याण्णव. सांगवीच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन द्वारकाबाई बारामतीत राहत होत्या. त्यांच्याच हाताखाली बाराखडी गिरवलेली रतन आता भिगवण चौकाजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिच्याकडच्या एका कॉम्प्युटरला फोनची तार जोडलेली होती. इंटरनेट म्हणायचे त्याला. फोन लागेपर्यंत ते यंत्र मान पिरगाळलेल्या कोंबडीसारखं ओरडायचं, मग एकदम गप्प व्हायचं, आणि पडद्यावर जग यायचं. तेही जिना चढणाऱ्या म्हातारीसारखं, एकेक पायरी दम खात.

"बाई, घरात बसून भिंती काय मोजताय? या की," असं रतननं एकदा म्हटलं आणि द्वारकाबाई गेल्या. मग दर मंगळवारी जायला लागल्या. आठवड्याच्या बाजारासारखा तो वार ठरून गेला.

तिथं त्यांना एक जागा सापडली. नाव 'चिंचेचा पार'. परदेशी राहणाऱ्या कुणा मराठी माणसानं ती उघडली होती. पारावर कुणीही यावं, आपलं काही लिहावं, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहावीत. मराठी अक्षरं तिथं उमटत नव्हती, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. द्वारकाबाईंनी चार मंगळवार नुसतं वाचलं. कुणी पुण्यातल्या पावसावर लिहिलेलं, कुणी आईच्या हातच्या कढीवर. त्यांच्या मनात आलं, आपल्याकडंही सांगण्यासारखं आहे की.

द्वारकाबाईंचे वडील तात्याबा लासुर्ण्याचे. आता द्वारकाबाईंच्या धाकट्या भावाचा, रामहरीचा, ऊस होता, पाइपलाइन होती, दारात ट्रॅक्टर होता. पण द्वारकाबाईंच्या लहानपणी घर म्हणजे मेंढरांचा वाडा. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं. दिवसा चरायचं आणि रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची. भोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे सुताच्या दोरीची, माणसाच्या कमरेइतक्या उंचीची जाळी. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं, रानवाला भात द्यायचा, आणि सकाळी वाघर गुंडाळून वाडा पुढं. शाळेत जाईपर्यंतचं द्वारकाबाईंचं सगळं आयुष्य त्या जाळीच्या आत गेलेलं.

ते त्यांनी लिहिलं. मथळा दिला, 'आमची मेंढी'. एका बोटानं टाइप करत दोन तास लागले. शेवटी एक कंस काढला आणि त्याच्यापुढं दोन व्ही.

(vv

"बाई, हे चुकून पडलं का?" रतन म्हणाली. "पुसू?"

"राहू दे. ती माझी सही आहे. शाळेच्या वह्या तपासतानाही मी हेच काढायचे, विसरलीस?"

"मला वाटायचं तुम्ही पेन चालतंय का बघताय."

"चांगलं. इतकी वर्षं तुला तेच वाटलं."

तो मेंढीचा डावा कान होता. कंस म्हणजे कान आणि दोन व्ही म्हणजे कानाला घेतलेले दोन काप. तात्याबांच्या कळपाची खूण. दोन कळप वाटेत एकमेकांत मिसळले की भांडायचं नसतं, कान बघायचा असतो. प्रत्येक घराची खूण वेगळी, आणि ती सगळ्या मेंढक्यांना पाठ.

पुढच्या मंगळवारी बघतात तो पाराच्या मालकानं त्यांचं लिखाण उचलून 'साजशृंगार' या सदरात नेऊन ठेवलेलं. खाली बायकांची गर्दी. एकीनं विचारलं होतं, "काकू, किती वेळ ठेवायची?"

द्वारकाबाईंना वाटलं, किती चौकस आहेत पोरी. त्यांनी मन लावून उत्तर लिहिलं, "रात्रभर बसवावी. सकाळी उन्हं यायच्या आत उठवावी."

"रंग चांगला यायला काय करावं?"

"ते आपल्या हाती नाही. आईचा रंग येतो. काळीच्या पोटी बांडीही निघते."

"धुवायची कधी?"

"कातरायच्या आधी. ओढ्यात उभी करून दोघांनी धरावी. लाथा मारते."

त्याच्या पुढच्या मंगळवारी रतननं पान उघडलं. खाली एकीनं भीत भीत विचारलं होतं, "काकू, तुम्ही नक्की मेंदीबद्दलच बोलताय ना?"

रतन खुर्चीवरून खाली घसरायची बाकी राहिली. क्लासमधली पोरं माना वर करून बघायला लागली. द्वारकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते पदरात मावेना.

त्या एका घोळानं द्वारकाबाई पारावर सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या. मेंढीवाल्या काकू. त्यांनी मग घोडीवर लिहिलं, कोकणात पहिल्यांदा बघितलेल्या समुद्रावर लिहिलं, लांडगा आला त्या रात्रीवर लिहिलं, आईनं वाटेतच रामहरीला जन्म दिला आणि तिसऱ्या दिवशी वाडा हलला त्यावर लिहिलं. प्रत्येकाच्या शेवटी कान. घरी मात्र एक ओळ ठेवली नाही. छापून तरी कशाला घ्यायचं? तिथं आहेच की, उघडलं की दिसतं.

रविवारी एसटीनं लासुर्ण्याला जायच्या तेव्हा तात्याबा वाटच बघत बसलेले असायचे. ऐंशी पार केलेली, पण कान तिखट आणि जीभ त्याहून.

"काय म्हंत्यात तुझी पारावरची माणसं?"

"लांडग्याचं फार आवडलं, तात्या. एक बाई म्हणती, वाचताना अंगावर काटा आला."

"कुठली ही?"

"अमेरिकेतली."

"तितं लांडगं न्हायती?"

"असतील की."

"मग तिला सांग, त्यो लांडगा पळाला ते माझ्यामुळं न्हाय, माझ्या घोडीमुळं. घोडीचं नाव घातलंस का?"

"घातलं."

"मग झालं तर." आणि सुनेला हाक, "सारजे, च्या टाक. आपली घोडी अमेरिकेत पोचली."

सारजाबाई आतून म्हणायच्या, "घोडी पोचली, पण माणसं अजून दारातच. वन्सं, आत या की."

सगळं असं बैजवार चाललेलं. नोव्हेंबरात, उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असताना एका मंगळवारी द्वारकाबाई क्लासमध्ये आल्या, फोन लागला, पार उघडला, आणि तो ओळखू येईना. नवा रंग, नवी कमान. मालकानं पार नव्यानं बांधला होता. जुनं सगळं लिखाण नव्या जागी आणताना लिहिणारांची नावं गळून पडली होती. जिथं जिथं नाव होतं तिथं तिथं आता एकच शब्द होता: 'पाहुणा'.

घोडी, लेखक पाहुणा. लांडगा, लेखक पाहुणा. आईचं बाळंतपण, त्याचाही लेखक पाहुणा.

"मालकाला लिहू या," रतन म्हणाली.

लिहिलं. पुढच्या मंगळवारी उत्तर आलेलं, अगदी गोड. झाल्या गोष्टीबद्दल दिलगीर आहोत, जुनी नावं परत आणता येत नाहीत, कुणाचं कुठलं हे आता आम्हालाही कळत नाही. आणि नाही तरी पारावर मांडलेलं ते सगळ्यांचंच असतं, नाही का?

त्याच दिवशी रतनला आणखी एक दिसलं. टोरांटोतल्या कुणा अविराजनं नव्या पारावर लिहिलं होतं, 'माझ्या आजोबांची घोडी'. वरून खालपर्यंत द्वारकाबाईंचंच. फक्त 'माझे वडील' होतं तिथं 'माझे आजोबा' केलेलं. खाली वाहवा. एकीनं तर लिहिलं होतं, मेंढीवाल्या काकूंची आठवण झाली, पण तुमचं जास्त जिवंत आहे.

द्वारकाबाई छत्री नसतानाही छत्री शोधत राहिल्या, मग उठून घरी गेल्या.

नाव गेलं याचं त्यांना एवढं नव्हतं. मस्टरवर सही करण्यात उभा जन्म गेला होता, नावाची हौस फिटलेली. पण तात्याबांची घोडी दुसऱ्याच्या आजोबाच्या मांडीखाली गेली, हे त्यांना सोसेना. उद्या हे म्हातारं माणूस गेलं तर ती घोडी कुणाची हे सांगायला जगाच्या पाठीवर काय उरणार? आणि रविवारी त्यांना सांगायचं कसं?

रविवारी सांगायचं नाही असं ठरवून गेल्या आणि पायरीवर चप्पल काढायच्या आत सांगून बसल्या.

तात्याबांनी सगळं ऐकून घेतलं. हातात भाकरीचा तुकडा होता, तो तसाच राहिला.

"पाव्हणा?" ते म्हणाले. "आपल्याच मेंढराला पाव्हणा म्हंत्यात?"

"व्हय."

"आन् घोडी त्या टोरांटूवाल्यानं नेली."

"व्हय, तात्या."

"कान बघितला का?"

"अहो, हे कॉम्प्युटरवरचं आहे. तिथं कुठला कान?"

"तूच म्हणालीस न्हवं, मी परत्येक खेपंला कान काढते म्हणून? मग मेंढरू कुणाच्या बी कळपात जाऊंदे. नाव इच्यारायचं न्हाय, डावा कान उचलून बघायचा." त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, दातांनी त्याला कडेला दोन काप घेतले आणि लेकीच्या नाकासमोर धरला. "हे बघ. आता ही भाकर कुणाची?"

"तुमची," सारजाबाई म्हणाल्या. "उष्टी केल्यावर दुसरं कोण खातंय?"

तिघंही हसली. पण द्वारकाबाईंचं हसू मधेच थांबलं. त्या पुढचा मंगळवार यायची वाट बघत बसल्या नाहीत. सोमवारीच क्लासच्या पायऱ्या चढल्या.

"रतन, नावं गेली. पण खालचं लिखाण जसंच्या तसं आहे ना?"

"आहे की."

"मग त्या पारावर काही शोधायची सोय आहे का? हे शोध." आणि त्यांनी कागदावर काढून दाखवलं: (vv

रतननं फोन जोडला. कोंबडी ओरडली, गप्प झाली, आणि रतननं ते टाइप केलं. मग पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या. घोडी. लांडगा. समुद्र. बाळंतपण. 'साजशृंगार' सदरात अजून अडकलेली मेंढी. संध्याकाळी घंटेच्या आवाजावर वाघरीत परत यावीत तशी सगळी आली. एकही चुकलेलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, मागं राहिलेल्या लंगड्या कोकरासारखी, टोरांटोची घोडी. अविराजनं शेवटपर्यंत उतरवून घेताना कानही उतरवून घेतला होता. त्याला ते टाइप करताना पडलेलं काहीतरी वाटलं असणार.

"सापडला," रतन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "बाई, आता याला भर पारावर धरू या. असा सोलू या की..."

"थांब. आधी आपली मेंढरं घरी आणू."

सगळं लिखाण त्यांनी उतरवून फ्लॉपीवर घेतलं. एक फ्लॉपी द्वारकाबाईंच्या घरी, धान्याच्या कोठीवर; एक लासुर्ण्याला, सारजाबाईंच्या ट्रंकेत. मग रतन म्हणाली की आता स्वतःची साइट काढू. एक परदेशी कंपनी फुकट जागा देते, कोपऱ्यात जाहिरात लावते, एवढंच.

"म्हणजे तीही जागा दुसऱ्याचीच?"

"हो, जागा तशी त्यांचीच."

द्वारकाबाई विचार करत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, जन्मभर आपण हेच तर बघितलं. तात्यांनी मेंढरं बसवली ती सगळी रानं लोकांचीच होती. कोकणात एक वीतभर रान त्यांच्या मालकीचं नव्हतं. पण म्हणून मेंढरं काही कधी रानवाल्याची झाली नाहीत. वाघर आपली होती, कान आपला होता, आणि सकाळी उठून जायचं की राहायचं हे आपल्या हातात होतं.

"रान असू दे त्यांचं," त्या म्हणाल्या. "वाघर आपली पाहिजे. उद्या त्यांनी उठवलं तर फ्लॉपी काखेत मारायची आणि दुसऱ्या रानात जाऊन बसायचं. आणि पारावर जायचं बंद करायचं नाही. तिथं माणसं आहेत. फक्त आधी आपल्या घरी लिहायचं, मग तिथं न्यायचं, आणि खाली सांगायचं की आमचा वाडा अमुक ठिकाणी आहे."

साइटचं नाव अर्थातच 'वाघर' ठेवलं. रतननं कुठूनसा मराठी फाँट आणून घातला, त्यामुळं मेंढी आता मेंढीच राहिली. ज्यांच्याकडं तो फाँट नव्हता त्यांना नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत, तेव्हा त्यांच्यासाठी इंग्रजी अक्षरांतलंही ठेवलं. पहिल्या पानावर कान. तो द्वारकाबाईंनी स्वतः माउस धरून काढला. पहिल्या खेपेला तो केळीच्या पानासारखा आला, दुसऱ्या खेपेला करंजीसारखा. तिसऱ्या खेपेला रतन म्हणाली, आता पुरे, करंजीला काप असतातच.

राहता राहिला अविराज. त्याला काय लिहायचं ते तात्याबांनी सांगितलं. कळप मिसळल्यावर जे बोलायचं असतं तेच त्यांनी सांगितलं, आणि द्वारकाबाईंनी काही न बदलता, फक्त बोली पुस्तकी करून त्याला पाठवलं, पारावर नाही, त्याच्या एकट्याच्या पत्त्यावर.

"राम राम. तुमच्या कळपात आमची एक घोडी आलीय. डावा कान बघा. चार दिवस सांभाळलीत, उपकार झाले. आता तिला वाटेला लावा. इकडं कधी आलात तर लासुर्ण्याला जेवायला या."

"घोडीचा कान कुठं कापतात?" रतननं विचारलं.

"मीही तेच विचारलं. तात्या म्हणाले, त्या टोरांटूवाल्याला काय म्हाईत."

उत्तर यायला आठवडा गेला. आलं ते लांबलचक. अविराजनं पारावरचं ते लिखाण काढून टाकलं होतं आणि तिथं लिहिलं होतं की ही घोडी लासुर्ण्याच्या तात्याबांची आहे, खरी जागा 'वाघर'. द्वारकाबाईंना मात्र त्यानं वेगळं लिहिलं होतं. माझे आजोबा पळसदेवचे. तेही मेंढरं घेऊन फिरायचे एवढंच ठाऊक आहे. धरण झालं, जुनं गाव पाण्यात गेलं, वडील नोकरीला मुंबईत आले. आजोबांना मी कधी काही विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. माझ्या पोरीनं शाळेसाठी घरातल्या जुन्या माणसाची गोष्ट मागितली, तेव्हा माझ्याकडं एकही नव्हती. तुमची पाहुण्याच्या नावावर पडलेली दिसली. वाटलं, पाहुण्याचीच आहे, कुणाचीही असेल. माफ करा, काकू. आणि ती खूण काय होती ते कळल्यावर आठवलं, आजोबांच्या काठीवर एक उजवा कान कोरलेला होता, मधोमध भोक असलेला. आम्ही लहानपणी त्याला मासा म्हणायचो.

हे द्वारकाबाईंनी रविवारी लासुर्ण्याला वाचून दाखवलं. या खेपेला छापून नेलं होतं. तात्याबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या ओळीला ते ताठ बसले.

"उजवा कान? मधी भोक?"

"व्हय."

"पळसदेव?"

"व्हय, तात्या."

"आरं, ह्यो आबाजीचा नातू." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की सारजाबाई हातातलं सूप खाली ठेवून बाहेर आल्या. "आबाजी आन् मी लई वर्सं एकाच वाटंनं घाट उतारलो. द्वारके, तुला म्हाईत हाय त्यो, तू बारकी व्हतीस. त्यो गाणं म्हणायचा."

"ते? वाघरीच्या बाहेर बसून मोठ्यानं गाणारे?"

"गाणं कसलं. त्यानं तोंड उघडलं की बसलेली मेंढरं उठून चालाय लागायची. रानवालं म्हणायचं, आबाजी, पाया पडतो, खत पडस्तवर तरी गप बस." ते खोकला येईपर्यंत हसले. "पर एकदा नदीला पूर, मेंढरं पाण्यात उतरंनात. काठी मार, दगूड मार, जागची हलंनात. तवा ह्यो उभा ऱ्हायला आन् गाय लागला. सगळा कळप, माझा बी, एका दमात पल्याड."

"खरं?"

"खोटं कशाला सांगू? माझी मेंढरं वाचली त्यात. त्याच्या नातवाला सांग, तुझ्याकडं गोष्ट न्हाय म्हणतोस, हितं लासुर्ण्याला तुझ्या म्हाताऱ्याच्या धा-पंधरा पडल्यात, येऊन घेऊन जा म्हणावं. कधीपासनं मीच राखतोय."

"वन्सं," सारजाबाई म्हणाल्या, "तात्या आता आठवडाभर गप्प बसायचे नाहीत. तुम्ही हितंच राहा."

त्या राहिल्या. मंगळवारी थेट लासुर्ण्याहून एसटीनं बारामतीला आल्या आणि रतननं दिलेल्या खुर्चीत पदर खोचून बसल्या. 'वाघर'मध्ये नवं पान उघडलं. नाव दिलं, 'आबाजीचं गाणं'. आता त्या दोन बोटांनी टाइप करायला लागल्या होत्या. पूर, नदीकाठी अडून बसलेली मेंढरं, कोरडे पडलेले सगळ्यांचे चेहरे आणि मग तो भसाडा आवाज. रतन मागं उभी राहून वाचत होती आणि मधेच खुदकन हसत होती.

संपलं. सवयीनं बोट कंसाकडं गेलं, आणि थांबलं.

तात्या एसटीपर्यंत पोचवायला आले होते आणि त्या चढत असताना त्यांनी बजावलं होतं, कंडक्टरनं घंटी मारली तरी दाराची दांडी न सोडता. "ह्यातलं मेंढरू आपलं न्हाय बरं का. त्याचं हाय. त्याचीच खूण कर."

द्वारकाबाईंनी किल्ल्यांवर नजर फिरवली. आधी एक ओ शोधला, मग उलटा कंस, आणि अविराजच्या पोरीला नीट दिसावा म्हणून तो उजवा कान ओळीत एकटाच ठेवला.

o)